दुधाच्या कॅनमधला समुद्र

भांडखोर आहे हे ठाऊक असताना दादानं तोच मासा सगळ्यात आधी का आणला?

दादाला विचारलं, तो टाकीची काच पुसत राहिला. बसाण्णाला विचारलं, त्यानं सुपारी कातरली. शिवामामांना विचारलं, ते म्हणाले, "भावाला इचार की तुझ्या." वैनींना विचारलं, त्या माझ्याकडं बघून हसल्या आणि आत गेल्या. मुंबईचा मासेवाला तर फोनवर ओरडून सांगत होता, "अहो, डॅमसेल शेवटी टाकायचा असतो, शेवटी! आधी गरीब मासे, मग हा!" तरी दादानं पहिला तोच सोडला. आता उत्तर द्यायला दादाच नाही. ह्या श्रावणात गेला. कागलच्या एमआयडीसीतनं दुपारी घरी येताना, हायवेवर. त्याबद्दल मला एवढंच लिहिता येतं.

बाकीचं मात्र पुष्कळ आहे. खाऱ्या पाण्याच्या टाकीला एक खोड असते. पाणी उडून जातं आणि काठावर पांढरं मीठ साठत राहतं. आज पुसा, चार दिवसांनी परत तयार. आमच्या सोप्यातल्या किश्श्यांचं तसंच झालंय. पुसून जात नाहीत. मी सातवीतनं शाळा सोडलेला, दुधाचा टेम्पो चालवणारा माणूस. मला लिहायला जमतंय का बघा.

उचगावात आमचं घर. सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, चार फुटी टाकी, दादानं स्वतः वेल्डिंग केलेल्या स्टँडवर. समोर चार लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एकाच दिवशी घेतलेल्या. पंपाजवळची दादाची. दाराजवळची बसाण्णाची, कारण तिथनं त्याला समोरचं स्वतःचं किराणा दुकान दिसतं. भिंतीकडची शिवामामांची, पाठीला टेकू लागतो म्हणून. मामा आमच्या नात्यातले नव्हेत, गावाच्या दूध संस्थेत दुधाची डिग्री बघतात. चौथ्या खुर्चीवर जाळी, बादली आणि माशांच्या खाद्याचा डबा. मी उंबऱ्यावर. वैनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या.

ज्याची जागा त्याची! एकदा मी मामांच्या खुर्चीत बसलो, तर मामा शेवटपर्यंत उभे राहिले, पण दुसऱ्या खुर्चीत टेकले नाहीत. वर म्हणाले, "बस तू, बस. माझं काय, म्हातारा माणूस!"

*

दादा सीएनसी मशीनवर कामाला होता. मोबाइलवर कुठंतरी त्यानं समुद्रातले रंगीत मासे बघितले आणि डोक्यात घेतलं. आधी पाळलेले गोड्या पाण्यातले मासे त्याला आता पटेनात. म्हणाला, "गप्पीला काय रंग असतोय व्हय? समुद्र पायजे!"

पहिल्यांदा त्याला वाटलं, समुद्र म्हणजे मीठ अधिक पाणी. हिशेब सोपा. समोरच किराणा दुकान असल्यावर अडचण काय? बसाण्णानं पोतं उचलून आणलं आणि टाकीत ओतायला सुरुवात केली. दादा म्हणाला, "कुठलं मीठ हाय रं?"

"आयोडीनवालं," बसाण्णा छाती फुगवून म्हणाला. "तुझ्या एका माशाला गलगंड व्हणार न्हाय!"

किती मीठ झालं हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून वैनींना बोलावलं. त्यांनी पळीनं पाणी घेतलं, चाखलं, जरा विचार केला आणि निकाल दिला. "आमटीला जास्त हाय. लोणच्याला कमी हाय."

मुंबईच्या मासेवाल्याला फोन लावला. तो आधी हसला, मग ओरडला, मग म्हणाला, ह्या पाण्यात मासा सोडलात तर मी तुम्हाला परत मासा देणार नाही. समुद्राच्या टाकीसाठी वेगळं मीठ मिळतं, पण त्याची किंमत ऐकून बसाण्णानं स्वतःच्या मिठाकडं आदरानं बघितलं.

दादानं फोन खिशात टाकला. मग म्हणाला, "ओंक्या, टेम्पोत डिझेल हाय का?"

"हाय की. का?"

"समुद्रच आणू."

*

शिवामामांच्या घरी चार म्हशी, त्यामुळं दुधाचे कॅन त्यांच्याकडं पडलेले. सहा कॅन टेम्पोत टाकले आणि मी आणि दादा घाट उतरून देवगडच्या बाजूला गेलो. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून कॅन भरले. किनाऱ्यावर जाळं ओढणारा एक म्हातारा बघत होता. त्यानं विचारलं, "किती पाणी नेतास रे?"

दादा म्हणाला, "लागंल तसं परत येऊ. शिल्लक ठेवा."

परत निघताना दादानं मला समजावून सांगितलं, की समुद्राचं पाणी जिवंत असतंय, त्यात डोळ्याला न दिसणारे जीव असत्यात, त्यास्नी हवा लागतीया. एवढं बोलून तो सीटवर मान टाकून झोपला. मी गाडी थांबवली, मागं गेलो आणि सगळ्या कॅनची झाकणं काढली. हवा लागते ना? घ्या हवा!

पावसाळा संपला म्हणूनच आम्ही निघालो होतो. पण गगनबावड्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. घाट चढायला लागलो आणि जे कोसळायला लागलं ते काच पुसायची दांडी मोडेपर्यंत. वर ताडपत्री बांधलेली होती. ताडपत्रीच्या पोटात पाऊस साठायचा आणि प्रत्येक वळणाला थेट कॅनमध्ये रिकामा व्हायचा. खालचं हिंदकळून रस्त्यावर, वरचं आत. मला आरशात दिसत होतं, पण मला वाटलं ताडपत्री बरोबर काम करतेय.

घाटमाथ्यावर तपासणीला गाडी अडवली. त्या रस्त्यानं लोक गोव्याचा माल आणतात, त्यामुळं हवालदार आधीच हसत होता. "कॅनमधी काय हाय?"

"समुद्र हाय सायब," मी म्हणालो.

त्यानं बोट बुडवून चाटलं. परत बुडवून परत चाटलं. मग त्याच्या तोंडावरचा सगळा उत्साह गेला. "आरं, लोकं गोव्याकडनं काय काय आणत्यात! आणि तुमी हे?"

घरी मामा डिग्रीचा काटा घेऊन तयार बसले होते. दुधात पाणी घातलंय का बघायचं ते काचेचं यंत्र, तेच समुद्राला लावायचं दादानं ठरवलं होतं. दोन्ही ठिकाणी पाणी किती जड आहे एवढंच तर बघायचं असतं. मामांनी पहिल्या कॅनमधलं पाणी नळीत घेतलं आणि काटा सोडला. काटा गेला तो तळाला टेकला.

मामांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. दूध संस्थेत गवळ्याकडं बघावं तसं दादाकडं बघितलं.

"संदीप, ह्या समुद्रात पाणी घातलंय!"

दादानं माझ्याकडं बघितलं. मी उंबऱ्यावरनं उठून उभा राहिलो.

"असलं आमी परत पाठवतो," मामा म्हणाले.

"कुठं परत पाठवता?" दादा ओरडला. "समुद्राला?"

दुसऱ्या खेपेला झाकणं तारेनं आवळली आणि तारेची टोकं दादानं स्वतःच्या मांडीवर घेतली. त्या खेपेला काटा पंचविसावर उभा राहिला. दादाला मुंबईवाल्यानं तेवढंच सांगितलं होतं. मामा खूश झाले. म्हणाले, "म्हशीचं न्हाय, पर गाईचं म्हणून खपंल!"

कॅन परत जाताना धुवायचे राहिले. दुसऱ्या दिवशी मामांच्या घरी च्या नासला आणि मामींनी म्हशीला शिव्या घातल्या.

*

मग आला चेअरमन.

थर्माकोलच्या खोक्यातनं, ऑक्सिजनच्या पिशवीत, मुंबईच्या बसनं. अंगठ्याच्या नखाएवढा. काळाकुट्ट, अंगावर तीन पांढरे ठिपके. मी म्हणालो, "दादा, एवढ्यासाठी दोनदा समुद्र आणला?"

पिशवीतनं सोडल्यावर त्यानं टाकीभर एक चक्कर मारली. डावीकडच्या कोपऱ्यात मोठ्या दगडाला एक भोक होतं. त्यात शिरला, वळला, तोंड बाहेर काढलं आणि आमच्याकडं असा बघायला लागला, की आम्हीच त्याच्या सोप्यात न विचारता आलोय!

दादा म्हणाला, "एकदा बसला की उठणार न्हाय. चेअरमन म्हणा ह्याला."

काचेवर आतनं शेवाळ धरतं. ते खरवडायला हात घातला की चेअरमन धावून यायचा. हाताचा आकार त्याच्या शंभरपट, त्याला काय त्याचं? दादा हातमोजा घालायचा. एकदा दादा कामावर होता आणि बसाण्णाला उमाळा आला. बसाण्णा लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नाही. त्याचं म्हणणं, आपल्याकडनं माशांना धोका नाही हे माशांना कळतं, वासावरनंच कळतं. बाह्या वर सारून त्यानं विश्वासानं हात आत घातला.

पुढच्या क्षणाला तो बोट धरून सोप्यात नाचत होता.

"मी जन्मात मासा खाल्ला न्हाय, आणि ह्यो मला खातोय!"

मी हसायला लागलो तर माझ्यावर ओरडला, "सुम्न इरप्पा!" म्हणजे गप बस. बसाण्णाची आई निपाणीकडची. राग आला की त्याचं मराठी संपतं. वैनींनी आतनं हळद आणली आणि बोटाला लावता लावता म्हणाल्या, "बसाण्णा, त्याला तुमच्या हाताला दुकानातल्या हळदीचा वास आला आसंल. त्याला वाटलं आपल्यालाच लावणार हाय!"

*

पुढं दादानं दोन निळे डॅमसेल आणले. जातीनं तेही भांडखोर, पण जरा सोसणारे. पिशवी सोडली आणि चेअरमननं त्यांना असं हाणलं, की दोघं वरच्या कोपऱ्यात हीटरमागं एकमेकांना चिकटून उभे. खायला टाकलं तरी खाली येईनात. सगळी टाकी रिकामी आणि तिघांची गर्दी दोन कोपऱ्यांत!

"एवढा समुद्र आणून दिला," बसाण्णा कळवळला, "आणि ह्याला एक दगड सुटंना?"

दोन दिवस असं चाललं. माझं डोकं फिरलं. मी जाळी उचलली आणि म्हणालो, "भायेर काढतो ह्याला! ओढ्याला सोडतो!"

दादानं माझा हात धरला. "थांब. त्याचं काय चुकलं? तो आधी आलाय. त्याला वाटतंय घर त्याचं हाय."

"मग?"

"मग घरच मोडायचं."

त्या रविवारी दादानं तिघांनाही बादलीत काढलं आणि टाकीतले सगळे दगड उपसले. डावीकडचे उजवीकडं, मोठा दगड उलटा, भोक मागं. ओळखीचं काही ठेवलं नाही. मग आधी निळ्या दोघांना सोडलं. ते फिरले, हुंगले, आपापली कपार धरून बसले. सगळ्यात शेवटी चेअरमन.

चेअरमन सरळ डावीकडच्या कोपऱ्यात गेला. तिथं दगडच नव्हता. तो थबकला. मागं आला. परत गेला. मग टाकीभर हळूहळू फिरायला लागला, प्रत्येक दगडापाशी थांबून, लग्नाच्या हॉलमध्ये ओळखीचं तोंड शोधणाऱ्या माणसासारखा. निळ्यांच्या जवळनं गेला, पण हाणलं नाही. कुणाच्या जोरावर हाणणार?

दादा हात पुसत म्हणाला, "बघितलंस? घर मोडलं की सगळेच पावणं."

शिवामामा उलट्या दगडाकडं बघत होते. त्यांच्या भावकीत बांधावरनं कोर्टकज्जा चाललाय, तारखांना जाऊन जाऊन त्यांचे केस पिकले. शेवटी म्हणाले, "संदीप, एक जेसीबी सांगतोस का?"

वैनी स्वयंपाकघराच्या दारातनं बोलल्या, "ह्यांनी ही युक्ती माशावर आत्ता केली. आदी भावजींवर करून बघितलीया."

मी म्हणालो, "माझ्यावर? कधी?"

"मी लगीन होऊन आले तवा. कपाटाचा वरचा खण तुमचा, खिडकी तुमची, टीव्हीचा रिमोट तुमचा. मला पिशवी ठेवायला जागा न्हवती. चौथ्या दिवशी यांनी अख्खं घर रंगवायला काढलं आणि सामान लावताना काय कुठं होतं ते इसरल्यासारखं केलं. आठवतंय?"

मला आठवत होतं. रिमोट मला अजून सापडलेला नाही!

सगळे हसले. दादा सोडून. तो खाली वाकून बादलीतलं पाणी ओतत होता, पण त्याचे खांदे हलताना मला दिसले.

*

एकदा मला मुलगी सांगून आली. मुलीकडची माणसं घर बघायला येणार, म्हणून वैनींनी आदल्या दिवशी सोपा धुतला, पोहे भिजवायची तयारी केली, मला पांढरा शर्ट इस्त्री करून दिला.

सकाळीच लाईट गेली. पंप बंद. पंप बंद म्हणजे पाण्याला हवा नाही, आणि हवा नाही म्हणजे मासे वर येऊन तोंड उघडणार. दादा कामावर. फोनवर एवढंच म्हणाला, "तांब्यानं पाणी घे, उंचावरनं परत ओत. थांबू नको." आणि ठेवला.

मी स्टुलावर चढलो. तांब्या बुडवायचा, हात वर करायचा, ओतायचं. बुडवायचा, वर, ओतायचं. शर्ट भिजून अंगाला चिकटला. त्यातच पावणं आले. मुलीचा बाप, तिचा मामा आणि काका. मला उतरता येईना. वाकून नमस्कार घातला, तर तांब्यातलं पाणी काकांच्या धोतरावर.

बसाण्णा दुकानातनं आला, त्यानं त्यांना खुर्च्या दिल्या, स्वतःची मात्र सोडली नाही. मुलीचा बाप जरा वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "नवरदेव ह्योच न्हवं? आणि करतोय काय?"

बसाण्णाला त्यात विशेष काही वाटलं नाही. "समुद्राला हवा घालतोय."

बापानं मान डोलावली. दोन तांबे गेले. तिसऱ्या तांब्याला त्यानं विचारलं, "मग त्येचा पगार किती मिळतोय?"

स्थळ मोडलं. संध्याकाळी दादा आला, आधी टाकी बघितली, मग मला बघितलं. मला वाटलं आता चिडणार. तो म्हणाला, "मर्दा! एकबी मेला न्हाय की रं!" आणि मला असं जवळ ओढलं, की भिजलेला शर्ट त्याच्या युनिफॉर्मला चिकटला.

*

रक्षाविसर्जनाचंही सांगतो. ते हसण्यासारखं नाही, पण हसलो.

नदीकाठी दादाच्या आवडीचं सगळं मांडलं. भडंग, पिठलं, गुळाचा च्या, कामावरच्या मित्रांनी आणलेली तंबाखूची पुडी. कावळा भिंतीवर येऊन बसला, पण खाली येईना. मग सुरू झालं. ज्याला जे सुचेल ते तो शब्द द्यायला लागला. बसाण्णा म्हणाला, "संदीप, वैनीस्नी काय कमी पडू देणार न्हाय." कावळा गप्प. मामा म्हणाले, "ओंक्याला मी वळण लावतो." कावळ्यानं मान वाकडी केली, पण गप्प.

मी कुणाला न विचारता पुढं झालो आणि मोठ्यानं ओरडलो, "दादा, चेअरमनला मी सांभाळतो! तुझ्या टाकीतला एकबी मासा मरू देणार न्हाय!"

कावळा उडून गेला.

नुसता उडाला नाही. नदीच्या पलीकडं, उसावरनं, दिसेनासा होईपर्यंत गेला. मग मामा नाक ओढत म्हणाले, "त्येला भरवसा न्हाय तुझा."

बसाण्णाला हसू फुटलं. तोंडावर टॉवेल धरून तो इतका हसला, की बाकीच्यांना वाटलं रडतोय, आणि दोघातिघांनी त्याला सावरलं. शेवटी गाईला घास दिला आणि घरी आलो. वैनींनी विचारलं, "शिवला का?" आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं. मामा म्हणाले, "शिवणार हुता."

त्या दिवसापासनं कावळा दिसला की मी खाली वाकून दगड शोधतो.

*

मी शब्द दिला खरा, पण पहिल्याच आठवड्यात माशांना एवढं खायला घातलं की पाणी गढूळ झालं. मग घाबरून दोन दिवस काहीच घातलं नाही. मासे जगले, ते त्यांच्या चिवटपणानं. चेअरमन मात्र परत चेअरमन झाला होता. गढूळ पाणी काढताना मोठा दगड माझ्याकडनं परत डावीकडच्या कोपऱ्यात गेला होता, तिथं त्यानं आपलं बस्तान परत बसवलं होतं.

सोपा मात्र बंद पडला. बसाण्णा संध्याकाळी दारापर्यंत यायचा, आत बघायचा आणि म्हणायचा, "बसत न्हाय, गिऱ्हाईक हाय." दुकानात कुणी नसायचं. मामा डिग्रीचा काटा लावायला यायचे, उभ्यानंच पाणी बघायचे, "पंचवीस हाय" म्हणायचे आणि जायचे. पंपाजवळची खुर्ची तशीच होती. तिच्यावर दादाचा टॉवेल. वैनी केर काढताना तिच्याभोवतीनं काढायच्या. खुर्ची हलवायच्या नाहीत. आणि तिकडं बघायच्याही नाहीत.

घरात मी आणि वैनी. त्या आत, मी बाहेर. मध्ये पंपाचा आवाज.

एका रविवारी मुंबईच्या मासेवाल्याचा फोन. "संदीपभाऊंनी सांगितलेले दोन मासे बसनं पाठवलेत. पिवळ्या शेपटीचे. बऱ्याच दिवसांनी मिळाले बघा. भाऊ आहेत का?"

मी म्हणालो, "कामावर गेलेत." का म्हणालो कुणास ठाऊक. स्टँडवर गेलो आणि खोकं घेऊन आलो.

पिशवीत दोन निळे थेंब, शेपट्या हळदीच्या. चेअरमननं काचेतनं बघितलं आणि भोकातनं अर्धा बाहेर आला. मी रस्त्यात जाऊन हाक मारली, "बसाण्णा! मामास्नी घेऊन या! दगड काढायचे हायत!"

दोघं आले. बादली कुणीतरी धरायला पाहिजे होती, त्यामुळं त्यांना नाही म्हणता येईना. चेअरमन आणि आधीचे दोघं निळे बादलीत काढले. दगड उपसले. डावीकडचे उजवीकडं, मोठा उलटा. आधी नवे दोघं सोडले, मग जुने दोघं. आपापल्या कपारी शोधायला लागले. चेअरमन अजून बादलीत गरगरत होता.

बसाण्णा आणि मामा टाकीसमोर उभे होते. दोघांच्या खुर्च्या मागंच होत्या. पण बसत नव्हते. पंपाकडं न बघता उभं राहायचं म्हणून दोघंही छताकडं बघत होते.

माझं डोकं फिरलं.

मी दादाच्या खुर्चीवरचा टॉवेल उचलला, खांद्यावर टाकला आणि खुर्ची अंगणात फेकली. मग मामांची फेकली. मग बसाण्णाची. चौथीवरची जाळी आणि डबा खाली ठेवला आणि तीही फेकली. "आरं ये! खुळ्या!" मामा ओरडले. बसाण्णा कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला. मी कॉट ओढून पंपाजवळ आणली. टीव्हीचं टेबल दाराजवळ सरकवलं. देवाचा फोटो तेवढा ठेवला. मग अंगणात जाऊन चारी खुर्च्या एकात एक घातल्या, गोल फिरवल्या, आत आणल्या आणि हाताला येईल तशा मांडल्या. एकाच रंगाच्या, एकाच दिवशी घेतलेल्या. कुठली कुणाची, मलाच कळेना.

वैनी आवाज ऐकून बाहेर आल्या. दारातच थांबल्या. "भावजी! काय इस्कोट केलाय हो घराचा?"

मी धापा टाकत होतो.

बसाण्णा दाराकडं गेला, तिथं टेबल होतं. परत आला. मामा भिंतीकडं वळले, भिंतीला काहीच नव्हतं. ते सोप्याच्या मधोमध उभे राहिले. "ओंक्या, आता मी कुठं बसू?"

वैनींनी मामांकडं बघितलं. मग बसाण्णाकडं. मग टाकीतल्या उलट्या दगडाकडं किती वेळ तरी बघत राहिल्या. आणि पदर खोचून सगळ्यात जवळची खुर्ची ओढली आणि तिच्यात बसल्या. आमच्या सोप्यात त्या पहिल्यांदाच बसल्या असतील.

मग मामा बसले. मग बसाण्णा. प्लॅस्टिक कुरकुरलं.

मी बादली उचलली, टाकीच्या काठावर टेकवली आणि चेअरमनला हळूच पाण्यात सोडलं. तो सरळ डावीकडच्या कोपऱ्यात गेला. थबकला. मागं आला.

"आता ह्यानं कुठं राहायचं?" वैनींनी विचारलं.

"बघंल की," मी म्हणालो. "पावणा हाय."

आणि उरलेल्या खुर्चीत बसलो.